एक्केचाळिसावा घाणा

३ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला असं समज. तो ठेवायचा की नाही ते तुझ्यावर आहे.

दोन वर्षांनी लिहितो आहे, त्याला कारण आहे. कारणं दोन आहेत.

पहिलं यीस्टचं. तू त्याला विरजण म्हणायचीस आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचीस. जाताना अर्धी बरणी नेलीस, अर्धी ठेवलीस. त्या अर्ध्यावर आम्ही दोन वर्षं काढली. आता ते थकलं आहे. आठ दिवसांत उतरणारा बिअरचा घाणा पंधरा दिवस रेंगाळतो आणि तरी गोडच राहतो. बाजारचं यीस्ट घालून पाहिलं. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "ही कोणाचीही आहे." तुझी बरणी जिवंत असेल तर थोडं दे. एक दिवस येऊन स्वतः लावून दिलंस तर जास्त बरं.

दुसरं तुझं. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून मला पत्र आलं आहे. तू तिथे अर्ज केलास हे मला त्यांच्याकडून कळलं. आमच्याकडे बाटली फुटून अपघात झाला तो तुझ्या निष्काळजीपणामुळे का, असं त्यांनी विचारलं आहे. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं. मी अजून लिहिलेलं नाही. चांगलंच लिहीन. तू एकदा येऊन गेलीस की काय लिहायचं ते बसून ठरवू.

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

इथे ठीक आहे. जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता आठ माणसं कामाला आहेत. भिंतींची ओल जात नाही, पण थंडावा फुकट मिळतो. परवा मासिकात लिहिणारा एक जण आला होता. सुरुवात कशी झाली, ते त्याला हवं होतं. सांगितलं. दातांच्या दवाखान्यामागची खोली, दर रविवारी चौघं : डॉक्टर, सुतार, तू, मी. डॉक्टरांकडे हत्यारं उकळायचं मोठं भांडं होतं, सुताराकडे गाडी होती, माझ्याकडे नाक होतं. चौथं सुतार म्हणायचा ते सांगितलं नाही : "आणि धाकटीकडे अक्कल."

आपला नियम त्याला फार आवडला. आधी खोड, मग गुण. एक तरी गुण सांगता आला पाहिजे, नाहीतर सगळं मोरीत. आणि ज्याचा घाणा, त्याने तोंड उघडायचं नाही. "घाणा म्हणजे?" त्याने विचारलं. म्हटलं, लोक बॅच म्हणतात, आम्ही घाणा म्हणतो. भांड्यातून निघालं की घाणाच.

साबणाच्या कारखान्यातली सुगंध विभागाची वीस वर्षांची नोकरी मी बिअरसाठी सोडली, हे त्याने दोनदा लिहून घेतलं. लेबलावरचं नाक माझंच ना, असं विचारून फोटो काढला. सुताराने प्लायवूडवर माझी सावली पाडून पेन्सिलीने नाक आखलं होतं, तो तुकडा अजून ऑफिसात टांगलेला आहे. शेवटी म्हणाला, "आणि बहीण?" म्हटलं, ती आता दुसरीकडे असते.

सुतार बरा आहे. फळी सरळ आहे का बघायला एक डोळा मिटावाच लागतो, माझी तेवढी मेहनत वाचली, असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. नवा माणूस हसावं की नाही, ते आमच्या तोंडाकडे बघून ठरवतो.

वहिनी आठवण काढते.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझी बाटली मिळाली. औषधाची बाटली, बुचाला मेण, आत चिठ्ठी : "खोड सांग. मग यीस्टचं बघू." पत्र नाही. चालेल. मीही तुझ्या जागी परीक्षाच घेतली असती.

कालच उघडली. ग्लास धुवून, पुसून, दहा मिनिटं उलटा ठेवून, तू शिकवलंस तसं.

गॅस नाही. बाटली बदलताना गेला असणार, तो दोष धरत नाही. रंग चांगला. कडूपणा जिथे असायला हवा तिथे, जिभेच्या मुळाशी, आणि जास्त वेळ रेंगाळत नाही. अंगाने जरा पातळ. साखर थोडी जास्तच खाल्ली गेली आहे, पुढच्या वेळी धान्य किंचित गरम पाण्यात भिजव. वास स्वच्छ. आधी धान्याचा, मग फळाचा, पिकलेल्या नासपतीसारखा. खोड म्हणावी अशी नाही. हा तुझा नवा घाणा असेल तर हात गेलेला नाही, एवढं सांगतो.

मी ग्लास नाकाशी धरून बसलो होतो तेव्हा वहिनी आली. तिनेही हुंगला. काही न बोलता आत गेली. तिला बिअरची आवड नाही, तुला माहीत आहे.

तर यीस्ट कधी आणतेस? डेअरीला मला या आठवड्यात लिहावं लागेल.

दादा


२३ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. "ती एक्केचाळीस होती." एवढ्यासाठी कार्ड.

प्रत्येक घाण्यातली एक बाटली तू बाजूला ठेवायचीस, हे मी विसरलो होतो. ती तू बरोबर नेशील, वरून थंडीत ठेवून जपशील आणि दोन वर्षांनी औषधाच्या बाटलीत भरून सख्ख्या भावाला पाठवशील, हे मात्र सुचलं नव्हतं. याला परीक्षा म्हणत नाहीत, सापळा म्हणतात. दोन वर्षांत कुठलाही वास उडतो. हे तुला प्रयोगशाळेत कोणीही सांगेल.

आणि विषय निघालाच आहे तर लिहितो. भरायच्या पाइपच्या तोंडातला रबरी वायसर तू उघडून धुतला नव्हतास. त्याच्या मागे रानटी यीस्ट बसलं होतं. ते बाटलीत शिरलं, बूच लागल्यावरही साखर खात राहिलं, गॅस वाढत गेला. हे तपासायला आलेल्या माणसाने कागदावर लिहून दिलं, मी नाही ठरवलं. सुतार एक्केचाळिसाव्याची खोकी रचत होता तेव्हा एक बाटली फुटली. काच त्याच्या डोळ्यात गेली. ती काच माझ्या नाकातून निघाली नव्हती.

त्या दिवशी बैठकीत मी तुला एक शब्द वाईट बोललो नाही. आठव. "मला आठवत नाही" एवढंच म्हणालो. तू खुर्ची ढकलून गेलीस. कोणी जा म्हटलं नव्हतं.

डेअरीचं पत्र माझ्या टेबलावर आहे. महिना संपायला पाच दिवस आहेत.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकटीस,

मागचं पत्र फाडून टाक. वाचलं असशीलच.

ते पेटीत टाकून आलो तेव्हा वहिनी जेवायची थांबली होती. म्हणाली, "काय लिहिलंस तिला?" म्हटलं, खरं ते. ती म्हणाली, "त्या बाटलीचं बूच काढलंस तेव्हा मला स्वयंपाकघरात वास आला. दवाखान्याचा. जखमेवरच्या पट्टीचा. बाहेर येऊन बघते तर तू फळं मोजत बसलायस."

मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत आहे?

"दूध करपलं तेव्हापासून. गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत होतास. घरभर धूर होता."

चार वर्षं झाली त्याला. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू कधी सांगतोस ते बघत होते. पुढे बघायचंही सोडलं. नाक काय, लेबलावर आहेच."

आता क्रमाने लिहितो. तुला यातलं बरंचसं कळलं असणार, पण माझ्याकडून कळलेलं नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो ताप, तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी उठलो, आंघोळीला गेलो, साबण हातात घेतला. मीच तयार केलेला वास होता त्याचा. काही नाही. साबण म्हणजे नुसता गुळगुळीत दगड. वाटलं, आठवड्यात येईल. मग महिन्यात येईल. कारखान्यात साहेब कागदाच्या पट्ट्या अत्तरात बुडवून समोर धरायचा, मी मान हलवायचो आणि बाटलीवरचा आकडा बघून जुन्या वहीतलं बोलायचो. चौथ्या महिन्यात नवे नमुने आले, आकडे नसलेले. त्याच दिवशी राजीनामा लिहिला. संध्याकाळी दवाखान्यामागे येऊन सांगितलं की बिअरसाठी सोडली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सुताराने मला उचललं. डॉक्टर म्हणाले, आता मागे फिरायचं नाही, जागा बघू. बर्फाचा कारखाना त्याच आठवड्यात सापडला. आपण छंदातून धंद्यात कसे आलो हे त्या मासिकवाल्याला मी सांगितलं ते असं नाही. खरं हे आहे. माझं नाक गेलं आणि ते लपवायला एक कारखाना लागला.

जिभेला कडू, गोड, आंबट कळतं. बाकीचं मी तुझ्या तोंडावरून वाचायचो. घाणा तुझा असला की तू नियमाने गप्प बसायचीस, पण तुझी डावी भुवई गप्प बसायची नाही. खोड असली की ती जराशी चढायची. मग मी ग्लास फिरवायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, काहीतरी आहे. डॉक्टर लगेच नाव सुचवायचे, मी हो म्हणायचो. दोन वर्षं हे चाललं. सगळे म्हणायचे, नाक आणखी तीक्ष्ण झालंय. तीक्ष्ण तुझी भुवई होती.

एक्केचाळिसाव्याला तुला सर्दी होती. तोंडाला पट्टी, कपाळावर डोक्यावरून घेतलेला रुमाल. डोळे तेवढे दिसत होते, आणि तेही लाल. पाइप धुवायला दुसरं कोणी आलं नव्हतं म्हणून तू तशीच आलीस. पहिली मोठी मागणी होती. ट्रक दारात उभा होता आणि चालक दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. डॉक्टर म्हणाले, "मला काही जाणवत नाही, नाकाला विचारा." त्यांच्या हातांना दिवसभर लवंगेच्या तेलाचा वास, त्यापुढे त्यांना दुसरा वास यायचाच नाही. सुतार व्हार्निशमधून उठून आलेला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी तुझ्याकडे. बघायला काही नव्हतं.

मी म्हटलं, खोड नाही.

मग तू मला मोरीपाशी बोलावलंस. पट्टी खाली केलीस. म्हणालीस, "दादा, मला दवाखान्याचा वास येतोय. तुला खरंच नाही येत?"

तेव्हा मला कळलं की तू म्हणतेस ते खरं आहे. हे लिहून ठेव. शंका आली असं नाही. कळलं. तुझं नाक सर्दीतही माझ्यापेक्षा बरं होतं, आणि तू उगीच बोलणारी नाहीस. पण परत जाऊन खोड आहे म्हटलं असतं तर आधी का नाही आली, असं कोणीतरी विचारलं असतं. एवढंच. तेवढ्यासाठी.

मी म्हटलं, "नाकाला बाम लावलायस ना? त्याचाच वास येतोय तुला."

तू बोटांनी नाक पुसलंस, बोटं हुंगलीस आणि म्हणालीस, "असेल."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मी तेवढं वाक्य बोलून गेलो आणि तू स्वतःच्या नाकावरचा विश्वास काढून माझ्या हातात दिलास. ट्रक भरला. उरलेली खोकी सुतार मागे रचायला लागला, अकराव्या दिवशी.

बैठकीत तू म्हणालीस, "मी दादाला सांगितलं होतं." मोरीपाशी आपण दोघंच होतो. मी म्हणालो, मला आठवत नाही. मला तुझ्या बोटांवरचा बामाचा चकाकता थरसुद्धा आठवत होता.

वायसर तू उघडला नव्हतास. ते खरंच आहे आणि मी ते तुझ्यावरून काढून घेऊ शकत नाही. पण वायसर कोणीही विसरतं. कोणीतरी विसरणार म्हणून तर चाखायला बसायचं. तुझी चूक पकडायला मी होतो.

डेअरीला पत्र लिहिलं आहे. यातलं सगळं त्यात आहे, निम्म्या शब्दांत. अजून टाकलं नाही. आधी सुताराला आणि डॉक्टरांना तोंडाने सांगतो, मग टाकतो. त्यांना बाहेरून कळू नये. उद्या नाहीतर परवा.

दादा


११ मार्च

धाकटीस,

उद्या नाहीतर परवा म्हटलं होतं. सहा दिवस लागले. रोज सकाळी पत्र खिशात घालून जायचो आणि संध्याकाळी घरी आणायचो. वहिनीने तिसऱ्या दिवसापासून विचारणं बंद केलं. पाच तारखेला सांगितलं आणि त्याच दुपारी पत्र टाकलं. काल डेअरीचं उत्तर आलं. जागा एक तारखेला भरली. त्यांनी माझे आभार मानले आहेत. सविस्तर माहितीबद्दल.

तुला त्यांनी कळवलंच असेल. तरी माझ्याकडून कळवतो. कोणामुळे गेली, हे त्यांच्या पत्रात नाही.

आता पाच तारखेचं.

बर्फाच्या खोलीत, चाखायच्या टेबलाशी. डॉक्टर, सुतार, मी. समोर एकोणनव्वदावा होता, तो थकलेल्या यीस्टचा. हल्ली मी सगळ्यांच्या शेवटी बोलतो, ज्येष्ठ म्हणून. तुझी भुवई गेल्यापासून ही सोय केली आहे. त्या दिवशी म्हटलं, आज मी आधी बोलतो. आणि बोललो. तापापासून मोरीपर्यंत. तुला लिहिलं त्याच क्रमाने. मध्ये कोणी अडवलं नाही. नळ गळत होता तो सुताराने उठून बंद केला आणि परत येऊन बसला.

आधी डॉक्टर बोलले. "म्हणजे चार वर्षं आम्ही बहिऱ्याकडून तंबोरा लावून घेत होतो." मग चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "माझ्या हातांना वास असतो म्हणून मी तुझ्यावर सोपवलं. नाहीतर तेवढा वास मला कळायला हवा होता. रोज तोच घेतो मी." आणि उठून बाहेर गेले. आतापर्यंत माझ्याशी बोललेले नाहीत.

सुतार तसाच बसला होता. ज्या बाजूला डोळा आहे ती बाजू माझ्याकडे करून. मी वाट बघत होतो. मारेल असंही वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यालाही कळत असणार.

"धाकटी दर महिन्याला मला फोन करते," तो म्हणाला. "माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"डोळ्याचं विचारते. प्रत्येक वेळी म्हणते, वायसर मी उघडायला हवा होता. मी म्हणतो, जाऊ दे. दोन वर्षं मी तिला माफ करतोय. आणि ती ते घेतेय."

तो पुढे बोलत राहिला.

"एकदासुद्धा म्हणाली नाही की दादाला सांगितलं होतं. बैठकीत एकदा म्हणाली, तेवढंच. तू आठवत नाही म्हणालास, मग तिने ते तोंडातून काढून टाकलं. तुझं नाव आलं की विषय बदलायची. मला वाटायचं, लाज वाटत असेल."

मग त्याने एकोणनव्वदाव्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्यातलं मला काय कळणार होतं? गोड आहे, एवढं कळत होतं. म्हणाला, "खोड सांगून झाली तुझी. सगळी सांगितलीस?"

म्हटलं, सगळी.

"मग आता गुण सांग. एक. नियम आहे."

मी म्हटलं, माझाच घाणा आहे. मी कसं बोलणार?



"बरोबर," तो म्हणाला. "दुसऱ्याने बोलायचं. पण जी बोलली असती तिला तर तू घालवलंस."

ग्लास उचलला, मोरीत ओतला, धुतला आणि उलटा ठेवून गेला.

ऑफिसातला प्लायवूडचा तुकडा तो दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. आधी वाटलं, तोडून टाकेल. परवा पाहिलं, खोक्यांच्या मांडणीचा एक पाय तोकडा होता, त्याच्याखाली सरकवला आहे. नीट बसला आहे. मांडणी आता हलत नाही.

मी पाइप धुतो. ते काम मी मागून घेतलं. कारखान्यात एकशे बारा वायसर आहेत, मला माहीत नव्हतं. एकेक उघडायचा, उकळायचा, पुसायचा, परत बसवायचा. वास लागत नाही त्याला. बोटं लागतात.

यीस्ट पाठवू नकोस. मागायला नको होतं. मागितलं ते यीस्टसाठीही नव्हतं. तुझी भुवई परत हवी होती मला.

एक्केचाळिसाव्याची बाटली अजून आहे, तळाशी बोटभर. सकाळी निघायच्या आधी उघडतो आणि नाकाशी धरतो. वहिनी तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवते.

सुताराने विचारलं त्याचं उत्तर मी सहा दिवस शोधतो आहे. तुला विचारावं असं मनात आलं होतं, ओळही लिहिली होती, ती खोडली. ज्याचा घाणा त्याने बोलायचं नसतं. इथे थांबतो.

दादा